रूळ गेले, वाट राहिली : बंद रेल्वेमार्गांवरील सायकलमार्ग आणि त्यांचे अर्थशास्त्र

*रेल्वे बंद पडल्यानंतर तिच्या जमिनीचे काय करावे, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. प्रत्यक्षात त्यात मालकीहक्क, सार्वजनिक वस्तू, भविष्यकालीन पर्यायाचे मूल्य आणि ग्रामीण रोजगार असे अर्थशास्त्रातील अनेक मूलभूत प्रश्न एकत्र येतात. अमेरिका, न्यूझीलंड व स्पेन या देशांच्या अनुभवाच्या आधारे या विषयाचा घेतलेला आढावा.*

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील पिट्सबर्ग शहर आणि मेरीलँड राज्यातील कंबरलंड शहर यांच्यामध्ये अ‍ॅलेगेनी पर्वताच्या रांगा आडव्या पसरलेल्या आहेत. या रांगा ओलांडून जाणारा सुमारे १५० मैलांचा, म्हणजे २४० किलोमीटरचा एक मार्ग आज सायकलस्वार आणि पादचारी यांच्यासाठी राखून ठेवण्यात आला आहे. मोटारवाहनांना त्यावर प्रवेश नाही. यॉकिओगेनी आणि कॅसलमन या नद्यांच्या खोऱ्यांतून, दाट जंगलातून, बोगद्यांतून आणि उंच पुलांवरून जाणाऱ्या या मार्गाचा बहुतेक भाग डांबरी नसून दाबून बसविलेल्या चुनखडीच्या बारीक खडीचा आहे. 'ग्रेट अ‍ॅलेगेनी पॅसेज' या नावाने तो ओळखला जातो.

हा मार्ग सायकलसाठी बांधलेला नव्हता. कोळसा आणि पोलाद यांची वाहतूक करणाऱ्या रेल्वे कंपन्यांनी तो बांधला, वापरला आणि सोडून दिला. त्यानंतर तो सार्वजनिक उपयोगात आणण्यास सुमारे ३५ वर्षे लागली. एवढा काळ का लागला आणि त्यातून काय साध्य झाले, याचा विचार विकासाच्या अर्थशास्त्राच्या दृष्टीने उद्बोधक ठरतो.

रेल्वेमार्ग बंद का पडले?

अमेरिकेतील रेल्वेचे जाळे १९१६ च्या सुमारास आपल्या सर्वोच्च विस्ताराला पोहोचले. त्या वेळी तेथे सुमारे अडीच लाख मैल, म्हणजे चार लाख किलोमीटरहून अधिक लांबीचे मार्ग होते. त्यांतील बरेचसे मार्ग परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या खाजगी कंपन्यांनी एकाच खोऱ्यात, एकमेकांना समांतर असे घातलेले होते. पुढे मोटारगाडी आणि मालट्रक आले. १९५६ च्या कायद्यान्वये आंतरराज्य महामार्गांचे जाळे उभारण्यास सुरुवात झाली आणि रेल्वेची माल व प्रवासी वाहतूक घटत गेली. १९७० मध्ये पेन सेंट्रल या मोठ्या रेल्वे कंपनीचे दिवाळे निघाले. १९८० च्या स्टॅगर्स कायद्याने रेल्वेवरील सरकारी नियंत्रणे सैल केली आणि तोट्यातील मार्ग बंद करणे कंपन्यांना अधिक सुलभ झाले.

कंपनीच्या दृष्टीने हा निर्णय योग्यच होता. मार्ग बांधण्यासाठी झालेला खर्च हा 'बुडीत खर्च' असतो. तो परत मिळविता येत नाही आणि म्हणून पुढील निर्णयात त्याचा विचार करावयाचा नसतो. चालू उत्पन्नातून चालू खर्च भागत नसेल तर मार्ग बंद करणे हेच तर्कसंगत ठरते. रूळ आणि पुलांचे लोखंड भंगारात विकले जाते. तथापि, भंगारात विकता न येणारी एक मालमत्ता मागे उरते. ती म्हणजे शेकडो जमीनमालकांच्या जमिनी सलग जोडून तयार झालेली, डोंगर फोडून आणि दऱ्या भरून समतल केलेली अखंड पट्टी.

चढाचे गणित

या पट्टीचे सायकलच्या दृष्टीने असलेले महत्त्व समजून घेण्यासाठी थोडे भौतिकशास्त्र पाहावे लागते. पोलादी चाक पोलादी रुळावर फिरते तेव्हा घर्षण अत्यल्प असते. त्यामुळे जड गाडी कमी शक्तीत ओढता येते. परंतु याच कारणामुळे इंजिनाला तीव्र चढ चढता येत नाही, चाके घसरू लागतात. म्हणून रेल्वेचे अभियंते नदीच्या काठाने वळणे घेत, खिंडी खोदत, भराव टाकत आणि बोगदे पाडत चढ शक्य तितका सौम्य राखतात.

चढ १ टक्का आहे याचा अर्थ १०० मीटर अंतर कापताना १ मीटर उंची गाठावी लागते. सायकल, स्वार आणि सामान यांचे एकूण वजन ९० किलोग्रॅम आहे आणि वेग ताशी १५ किलोमीटर आहे असे मानले, तर १ टक्का चढावर केवळ गुरुत्वाकर्षणावर मात करण्यासाठी सुमारे ३७ वॅट शक्ती लागते. ६ टक्के चढावर त्याच वेगासाठी ती सुमारे २२० वॅट होते. सामान्य प्रकृतीची व्यक्ती दीर्घकाळ साधारणतः ७५ ते १०० वॅट शक्ती देऊ शकते. याचाच अर्थ असा की डोंगरातील साध्या रस्त्यावर जो प्रवास केवळ कसलेल्या सायकलपटूला शक्य असतो, तोच रेल्वेच्या जुन्या मार्गावर शाळकरी मुले आणि साठी ओलांडलेली माणसेही करू शकतात.

ग्रेट अ‍ॅलेगेनी पॅसेजची आकडेवारी या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. पूर्वेकडे अटलांटिक महासागराला आणि पश्चिमेकडे मिसिसिपीमार्गे मेक्सिकोच्या आखाताला मिळणाऱ्या पाण्याची विभागणी करणारा जलविभाजक या मार्गावर २,३९२ फूट, म्हणजे ७२९ मीटर उंचीवर आहे. कंबरलंडकडून हा माथा २४ मैलांवर असून त्या बाजूचा चढ पावणेदोन टक्क्यांहून जास्त नाही. पिट्सबर्गकडून माथ्याचे अंतर सुमारे २०० किलोमीटर आहे आणि त्या बाजूचा सरासरी चढ पाव टक्क्याच्या आसपास येतो. माथ्याजवळचा बिग सॅव्हेज बोगदा ३,२९४ फूट, म्हणजे सुमारे १ किलोमीटर लांबीचा आहे. मायर्सडेल गावाजवळील सॅलिसबरी पूल १,९०८ फूट लांब आहे. केवळ सायकलींसाठी असा बोगदा पाडण्याचा किंवा असा पूल उभारण्याचा प्रस्ताव कोणत्याही वित्त विभागाने मान्य केला नसता. बुडीत खर्चाचा वारसा म्हणूनच ही कामे समाजाला लाभली.

खडीचाच पृष्ठभाग का?

रूळ आणि स्लीपर काढल्यानंतर खाली मोठ्या खडीचा थर उरतो. तो पाण्याचा निचरा उत्तम करतो, पण त्यावर सायकल चालविता येत नाही. म्हणून तो समतल करून त्यावर दगडाची बारीक खडी आणि कच यांचा थर पसरला जातो, पाणी मारून त्यावर रोलर फिरविला जातो. चुनखडीची कच ओलावा आणि दाब मिळाला की घट्ट बसते. मार्गाची रुंदी साधारणतः तीन मीटर असते आणि पाणी साचू नये म्हणून पृष्ठभागाला किंचित उतार दिला जातो.

डांबरी मार्गापेक्षा हा पृष्ठभाग घालण्यास स्वस्त असतो आणि स्थानिक साहित्याने, स्थानिक मजुरांकडून दुरुस्त करता येतो. त्याच्या मर्यादाही आहेत. जोराच्या पावसाने कच वाहून जाते, गवत आत शिरते, मोऱ्या तुंबतात. नदीखोऱ्यातील मार्गांना पुराचा धोका कायमचाच असतो. मिसुरी राज्यातील सुमारे २४० मैलांचा 'केटी ट्रेल' हे त्याचे ठळक उदाहरण आहे. मिसुरी नदीच्या पुरामुळे मार्गाची हानी झाल्यावर तेथील रेल्वे कंपनीने १९८६ मध्ये हा मार्ग चालविणे थांबविले. सायकलमार्ग म्हणून त्याचा पहिला टप्पा १९९० मध्ये खुला झाला आणि १९९३ च्या महापुराने त्याचीही मोठी हानी केली. तेव्हा बांधकामाचा खर्च कमी असला तरी देखभालीचा खर्च दरवर्षी येतो, हे अशा प्रकल्पांचे नियोजन करताना गृहीत धरावे लागते.

अखंडतेचे मूल्य

रेल्वेची पट्टी ज्या क्षणी तुकड्यातुकड्यांनी विकली जाते, त्या क्षणी तिचे मोठे मूल्य नष्ट होते. २४० किलोमीटरच्या मार्गातील मधले दोन किलोमीटर कोणी कुंपण घालून बंद केले, तर नुकसान दोन किलोमीटरचे होत नाही, संपूर्ण मार्गाची उपयुक्तता घटते. ही पट्टी पुन्हा जोडावयाची झाल्यास प्रत्येक तुकड्याच्या मालकाशी स्वतंत्र वाटाघाटी कराव्या लागतात. शेवटी उरलेल्या मालकाला आपल्यावाचून काम अडते हे ठाऊक असल्याने तो अवाच्या सवा किंमत मागू शकतो. अर्थशास्त्रात याला 'अडवणुकीची समस्या' म्हणतात. वाटाघाटी, करार, मोजणी आणि न्यायालयीन वाद यांवर होणारा खर्च म्हणजे 'व्यवहार खर्च'. तो जमिनीच्या किमतीपेक्षाही अधिक ठरू शकतो.

येथे मालकीचा एक गुंतागुंतीचा प्रश्न उद्भवतो. अमेरिकेतील अनेक रेल्वे कंपन्यांकडे जमिनीची पूर्ण मालकी नव्हती. शेतकऱ्याच्या जमिनीतून रेल्वे नेण्याचा सुविधाधिकार तेवढा त्यांना मिळालेला होता. रेल्वे कायमची बंद झाली की हा अधिकार संपतो आणि जमीन मूळ मालकाच्या वारसांकडे किंवा लगतच्या जमीनधारकाकडे मोकळी होऊन परत जाते, असा तेथील अनेक राज्यांतील कायदा होता. परिणामी एखादा मार्ग अधिकृतपणे 'परित्यक्त' घोषित झाला की तो जागोजागी तुटू लागे.

रेल-बँकिंगची तरतूद

या समस्येवर अमेरिकी काँग्रेसने १९८३ मध्ये तोडगा काढला. १९६८ च्या राष्ट्रीय पदमार्ग कायद्यात दुरुस्ती करून 'रेल-बँकिंग'ची संकल्पना आणण्यात आली. या तरतुदीनुसार रेल्वे कंपनीने बंद करावयाचा मार्ग एखाद्या शासकीय वा स्वयंसेवी संस्थेने व्यवस्थापन, कर आणि कायदेशीर दायित्व यांची जबाबदारी घेऊन स्वीकारला, तर तो परित्यक्त मानला जात नाही. भविष्यात रेल्वेची गरज भासल्यास तेथे पुन्हा रूळ टाकता येतील, या अटीवर त्याचा अंतरिम वापर पदमार्ग वा सायकलमार्ग म्हणून करता येतो.

ही तरतूद म्हणजे 'पर्याय मूल्या'चे कायद्यात उतरलेले रूप होय. पन्नास वर्षांनंतर रेल्वेची गरज भासेल की नाही, हे आज कोणालाच सांगता येत नाही. पट्टी मोडली तर तो पर्याय कायमचा संपतो. ती राखली तर पर्याय शिल्लक राहतो आणि दरम्यानच्या काळात तिचा उपयोगही होतो. प्रत्यक्षात रेल्वेने पुन्हा ताब्यात घेतलेले मार्ग मोजकेच आहेत. परंतु विम्याचा दावा करण्याची वेळ आली नाही म्हणून विमा निरर्थक ठरत नाही, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

लगतच्या जमीनधारकांना ही तरतूद अन्यायकारक वाटली. आपली जमीन मोकळी होण्याची वेळ आली असताना शासनाने ती दुसऱ्याच कामासाठी अडवून धरली, असा त्यांचा आक्षेप होता आणि तो पोकळ म्हणता येणार नाही. व्हरमाँट राज्यातील प्रिसॉल्ट दांपत्याच्या दाव्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये ही तरतूद वैध ठरविली. मात्र खाजगी मालमत्ता सार्वजनिक उपयोगासाठी घेताना न्याय्य नुकसानभरपाई दिली पाहिजे, या घटनात्मक तत्त्वानुसार भरपाई मागण्याचा मार्ग मोकळा ठेवला. १९९६ मध्ये संघीय अपील न्यायालयाने या दांपत्याला भरपाईचा हक्क असल्याचे मान्य केले. पुढे २०१४ मध्ये वायोमिंग राज्यातील ब्रँट प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, १८७५ च्या कायद्याखाली रेल्वेला केवळ सुविधाधिकार मिळाला होता आणि मार्ग परित्यक्त झाल्यावर तो संपुष्टात आला. त्या मार्गाबाबत रेल-बँकिंग झालेले नव्हते, हा या प्रकरणातील महत्त्वाचा मुद्दा होय.

या निकालांचा एकत्रित अर्थ असा निघतो की, सार्वजनिक हितासाठी पट्टी राखता येते, पण तिची किंमत एकट्या शेजाऱ्याने मोजावी अशी अपेक्षा करता येत नाही. भूसंपादनाच्या प्रत्येक चर्चेत उपयोगी पडणारे हे सूत्र आहे.

पस्तीस वर्षांची वाटचाल

ग्रेट अ‍ॅलेगेनी पॅसेजचा बराचसा भाग वेस्टर्न मेरीलँड रेल्वेच्या १९१२ मध्ये सुरू झालेल्या मार्गावर आहे. ही वाहतूक १९७५ मध्ये बंद झाली. रेल-बँकिंगचा कायदा होण्यापूर्वीच, १९७८ मध्ये, एका निसर्गसंवर्धन संस्थेने ओहायोपाईल परिसरातील सुमारे २७ मैलांची पट्टी विकत घेतली. ती तुटली नाही यामागे ही दूरदृष्टी होती. १९८६ मध्ये ओहायोपाईलजवळचा पहिला सुमारे ९ मैलांचा टप्पा खुला झाला. त्यानंतर वेगवेगळ्या गावांतील स्वयंसेवी गटांनी आपापल्या हद्दीतील तुकडे जोडत नेले. १९९१ च्या संघीय वाहतूक कायद्याने अशा कामांसाठी महामार्ग निधीतील काही वाटा उपलब्ध करून दिला आणि कामाला गती आली. २००६ पर्यंत कंबरलंड ते मॅक्कीस्पोर्ट हा भाग जोडला गेला. पिट्सबर्गजवळचे शेवटचे तुकडे जोडून २०१३ च्या जूनमध्ये मार्ग पूर्ण झाला.

कंबरलंड येथे हा मार्ग चेसापीक-ओहायो कालव्याच्या काठावरील १८४.५ मैलांच्या वाटेला मिळतो. कालव्यातील नावा ओढणाऱ्या खेचरांसाठी ही वाट केलेली होती. १८२८ मध्ये खोदण्यास सुरुवात झालेला हा कालवा १८५० मध्ये कंबरलंडला पोहोचला आणि १९२४ मध्ये बंद पडला. १९३८ मध्ये संघीय शासनाने तो विकत घेतला. पुढे त्यावर मोटाररस्ता बांधण्याची योजना पुढे आली. तिला विरोध करण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश विल्यम डग्लस यांनी जानेवारी १९५४ मध्ये वृत्तपत्राच्या संपादकांना आपल्यासोबत ही संपूर्ण वाट चालण्याचे आवाहन केले. त्या पदयात्रेने लोकमत बदलले आणि १९७१ मध्ये कालव्याला राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानाचा दर्जा मिळाला. आज पिट्सबर्ग ते वॉशिंग्टन हा सुमारे ५४० किलोमीटरचा प्रवास बहुतांशी मोटारींपासून मुक्त अशा मार्गाने करता येतो.

गावांचे अर्थकारण

या मार्गाच्या पश्चिम टोकाकडील मोनोंगाहेला खोरे हे एकेकाळी अमेरिकी पोलाद उद्योगाचे केंद्र होते. १९८० च्या दशकात कारखाने एकामागून एक बंद पडले. होमस्टेडचा प्रसिद्ध कारखाना १९८६ मध्ये बंद झाला. डोंगरातील लहान गावे कोळशाच्या खाणी आणि रेल्वे यांवर अवलंबून होती. दोन्ही आधार गेल्यावर तरुण वर्ग बाहेर पडला आणि बाजारपेठेतील दुकानांना कुलुपे लागली. मार्ग खुला झाल्यानंतर कन्फ्लुअन्स, रॉकवूड, मायर्सडेल यांसारख्या गावांत सायकलदुरुस्तीची दुकाने, खानावळी आणि घरगुती निवासव्यवस्था सुरू झाल्या. २००७ मध्ये सुरू झालेल्या 'ट्रेल टाऊन' उपक्रमाने अशा व्यवसायांना कर्ज आणि मार्गदर्शन पुरविले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २०१९ या वर्षातील या मार्गाचा एकूण आर्थिक प्रभाव सुमारे १२ कोटी १० लाख डॉलर इतका आढळला.

असे आकडे वाचताना 'गुणक' आणि 'गळती' या दोन संकल्पना ध्यानात ठेवल्या पाहिजेत. समजा, पर्यटकाने गावात १०० रुपये खर्च केले आणि त्यांतील ६० रुपये बाहेरून आणलेल्या मालासाठी गावाबाहेर गेले, तर गावाचे उत्पन्न ४० रुपये झाले. पुढील प्रत्येक फेरीतही ४० टक्केच रक्कम गावात राहिली, तर एकूण स्थानिक उत्पन्न ४० + १६ + ६.४ अशा क्रमाने सुमारे ६७ रुपये होते. हेच प्रमाण ६० टक्के असते, तर ते १५० रुपये झाले असते. म्हणजे स्थानिक वाटा दीडपट झाल्याने एकूण स्थानिक उत्पन्न सव्वादोनपट होते. पाहुण्याच्या ताटातील भाजी गावच्या शेतातील आहे की शहरातून आणलेली, यावर अशा प्रकल्पाचे यश अवलंबून असते ते यामुळेच.

त्याचबरोबर काही मर्यादाही मान्य केल्या पाहिजेत. पोलाद कारखान्यातील संघटित, चांगल्या वेतनाच्या नोकऱ्यांची जागा खानावळीतील हंगामी काम घेऊ शकत नाही. हिवाळ्यात गोठणाऱ्या पाण्याने अस्तर फुटू नये म्हणून बिग सॅव्हेज बोगद्याचे दरवाजे बंद ठेवावे लागतात आणि पर्यटनाचा ओघही आटतो. सायकलमार्ग गावाला तगवू शकतो. त्याचे गेलेले वैभव परत आणण्याची अपेक्षा त्याच्याकडून करणे योग्य नाही.

मूल्य मोजावे कसे?

या मार्गावर प्रवेशशुल्क नाही. शेकडो किलोमीटरच्या मार्गाला जागोजागी फाटे असतात, तेथे तिकीट तपासणे व्यवहार्य नसते. एकाच्या वापरामुळे दुसऱ्याचा वापर सहसा कमी होत नाही. अपवर्जनाची अडचण आणि उपभोगातील अस्पर्धा ही दोन्ही लक्षणे असल्यामुळे हा मार्ग सार्वजनिक वस्तूच्या जवळ जातो. बाजारात किंमत नसली तरी त्याला मूल्य असते. ते मोजण्यासाठी अर्थतज्ज्ञ 'प्रवासखर्च पद्धती'चा उपयोग करतात. हॅरोल्ड हॉटेलिंग यांनी १९४७ मध्ये राष्ट्रीय उद्यानांच्या संदर्भात ती सुचविली होती. जवळून येणाऱ्यांचा खर्च कमी आणि दुरून येणाऱ्यांचा अधिक असतो. या फरकावरून, आणि कोणत्या अंतरावरून किती लोक येतात यावरून, मागणी वक्र काढता येतो व उपभोक्त्याच्या संतोषाधिक्याचा अंदाज बांधता येतो. आरोग्यातील सुधारणा आणि वाहतुकीपासून मुक्तता ही बाह्य लाभांची उदाहरणे त्यात वेगळी धरावी लागतात.

अन्य देशांचे अनुभव

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरील ओटागो सेंट्रल रेल्वेचा क्लाईड ते मिडलमार्च हा सुमारे १५० किलोमीटरचा भाग १९९० मध्ये बंद झाला. २००० मध्ये तो खडीचा सायकलमार्ग म्हणून खुला झाला. मेंढपाळीवर जगणाऱ्या या विरळ वस्तीच्या प्रदेशात शेतघरे आणि जुनी पथिकगृहे यांना नवे गिऱ्हाईक मिळाले. या अनुभवानंतर जागतिक मंदीच्या काळात, २००९ मध्ये, तेथील शासनाने रोजगारनिर्मितीचा भाग म्हणून राष्ट्रीय सायकलमार्ग योजनेसाठी ५ कोटी न्यूझीलंड डॉलरची तरतूद केली.

स्पेनमध्ये १९९३ मध्ये 'हरितमार्ग' कार्यक्रम सुरू झाला. त्या वेळी तेथे साडेसात हजार किलोमीटरहून अधिक लांबीचे रेल्वेमार्ग विनावापर पडून होते. त्यांपैकी तीन हजार किलोमीटरहून अधिक मार्गांचे आजवर रूपांतर झाले असून अनेक जुन्या स्थानकांत निवास आणि भोजनाची सोय करण्यात आली आहे. अमेरिकेत स्वयंसेवी गटांनी तुकडे जोडले, तर स्पेनमध्ये रेल्वेशी निगडित एका राष्ट्रीय प्रतिष्ठानाने समन्वय साधला. संस्थात्मक रचना भिन्न असल्या तरी सलग पट्टीची मालकी वा ताबा आधी सुरक्षित करणे, ही पहिली पायरी दोन्हीकडे समान आहे.

भारताच्या संदर्भात

भारतात १९९२ मध्ये एकल गेज प्रकल्प हाती घेण्यात आला. रुंदीकरण करताना बहुतेक ठिकाणी जुन्याच मार्गाचा उपयोग झाला. परंतु डोंगराळ भागात चढ आणि वळणे यांमुळे काही ठिकाणी नवा मार्ग आखावा लागतो आणि जुना मागे उरतो. मध्य प्रदेशातील पाताळपाणी ते कालाकुंड या मीटरगेज घाटमार्गावर २०१८ मध्ये वारसा रेल्वेगाडी सुरू करण्यात आली. रूळ न काढताही जुन्या मार्गाचा उपयोग करता येतो, याचे हे उदाहरण होय. कंबरलंडजवळही पर्यटक रेल्वे आणि सायकलमार्ग एकमेकांच्या शेजारून जातात.

महाराष्ट्रातील मेळघाटचे उदाहरण मात्र वेगळा विचार करावयास लावते. अकोला ते खांडवा हा मीटरगेज मार्ग मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून जातो. धुळघाटजवळ तो वर्तुळाकार वळण घेऊन स्वतःलाच ओलांडतो. २०१७ पासून या भागातील गाड्या बंद झाल्या. रुंदीकरण आहे त्याच मार्गाने करावे की प्रकल्पाबाहेरून, यावर दीर्घकाळ वाद झाला आणि २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने बाहेरच्या मार्गाचा आग्रह धरला. जंगल, डोंगर आणि नदी यांतून जाणारी ही वाट नकाशावर सायकलमार्गासाठी आदर्श वाटेल. तथापि, वन्यजीव संरक्षण अधिनियमातील २००६ च्या दुरुस्तीनुसार व्याघ्र प्रकल्पाचा गाभा क्षेत्र निर्वेध राखावयाचा आहे आणि २०१२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी तेथील पर्यटनावर मर्यादा घातल्या आहेत. गाड्या थांबल्यामुळे वन्य प्राण्यांना मिळालेली शांतता हाच येथे सर्वांत मोठा लाभ आहे. वाहनमुक्त वाट ही प्रत्येक ठिकाणी मनुष्यासाठीच मोकळी झाली पाहिजे, असे नाही.

परदेशी अनुभव जसाच्या तसा लागू करता येणार नाही, याची आणखीही कारणे आहेत. भारतात रेल्वेची जमीन मुख्यतः शासनाच्या मालकीची आहे. त्यामुळे सुविधाधिकार संपण्याचा प्रश्न येथे तेवढा तीव्र नाही. उलट लोकसंख्येच्या दाटीमुळे रिकाम्या पट्टीवर लवकर अतिक्रमण होते. त्या पट्टीवरून गावकरी शेताकडे, बाजाराकडे आणि शाळेकडे जाऊ लागतात. त्यामुळे पर्यटकाच्या सायकलइतकाच किंबहुना त्याहून अधिक विचार शाळेला सायकलने जाणाऱ्या मुलीचा आणि डोक्यावर भारा घेऊन चालणाऱ्या स्त्रीचा करावा लागेल. वनक्षेत्रातील मार्गांबाबत २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार ग्रामसभेचे मतही महत्त्वाचे ठरते. एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 'सार्वजनिक विश्वस्त तत्त्वा'चा अंगीकार केला आहे. नद्या आणि वने यांसारखी संसाधने शासनाने जनतेचा विश्वस्त म्हणून सांभाळावयाची असतात, हे ते तत्त्व होय. नदीखोऱ्यातील अशा पट्ट्यांच्या विनियोगाचा विचारही त्याच भूमिकेतून होणे इष्ट ठरेल.

समारोप

रेल्वेमार्ग बंद करण्याचा निर्णय एका दिवसात होतो. त्याची पट्टी तुकड्यांत विकण्यासही फार काळ लागत नाही. ती पुन्हा जोडण्यास मात्र एक पिढी खर्ची पडते, असे अ‍ॅलेगेनी पर्वतातील अनुभव सांगतो. म्हणून मार्ग बंद करण्याच्या प्रस्तावातच त्या जमिनीची नोंद, मोजणी आणि संभाव्य उपयोग यांचा समावेश असणे आवश्यक आहे. एखाद्या ठिकाणी तो उपयोग सायकलमार्गाचा असेल, एखाद्या ठिकाणी गावरस्त्याचा, तर मेळघाटासारख्या ठिकाणी काहीच न करण्याचा. निवड कोणतीही असो, ती पट्टी अखंड असेपर्यंतच करता येते.